परिबद्ध असल्यास

जयपुरात इतकी वर्षं तू नेमकं काय केलंस, असं अजूनही कुणी ना कुणी विचारतं. मी सांगते, शून्यावर काम केलं. समोरचा हसतो. मी हसत नाही. मग त्याला वाटतं ही बाई जरा खडूस आहे, आणि ते बरोबरच आहे.

काम खरंच शून्याचं होतं. काही ठरावीक लहरी घ्यायच्या, प्रत्येकीला एकेका आकड्याने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. लहरी अनंत, म्हणून आकडेही अनंत. आता समजा, ही बेरीज प्रत्येक ठिकाणी शून्य आली. मग ते आकडे सगळे मुळातच शून्य होते, असं छातीठोकपणे म्हणता येईल का? की आतल्या आत एकमेकांना खाऊन टाकणारे, बाहेरून शून्य दिसणारे आकडेही असू शकतात? याला एकमेवतेचा प्रश्न म्हणतात. आकडे एकाच रांगेत असतील तर उत्तर जुनं आणि ठाऊक आहे. माझे आकडे रांगा आणि स्तंभांत होते, जमिनीवर मांडलेल्या फरशीसारखे सगळीकडे पसरलेले. तिथे आधी हेच ठरवावं लागतं की बेरीज करायची कुठल्या क्रमाने: चौरस वाढवत, आयत वाढवत, की सरासऱ्या काढत. क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. दोन आणि दोन चार हे पाठ करून मोठ्या झालेल्या माणसाला हे पटत नाही. मला ते पहिल्याच दिवशी आवडलं होतं.

आम्ही नागपूरचे. बाबा रेल्वेत होते, त्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा मी शाळेत होते. स्टेशनजवळच्या रेल्वे कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर, वर सामायिक गच्ची. कॉलनीत आमच्यासारखी मराठी घरं मोजकी. चौदा एप्रिलला ती सगळी एकत्र यायची, एरवी ज्याची त्याची ड्यूटी. मी बाहेर हिंदी बोलायचे, घरात आईची नागपुरी आणि माझी ‘मतलब’ने भरलेली मराठी. एम.एस्सी.ला पहिली आले तेव्हा आईने कॉलनीभर बर्फी वाटली आणि पीएच.डी.ला मार्गदर्शक शोधायला निघाले तेव्हा दोन प्राध्यापकांनी, अगदी गोड बोलून, नाही म्हटलं. एकाने तर मला चहाही पाजला.

तिसऱ्यांनी हो म्हटलं. तेच माझे सर. जयपूरचेच, पन्नाशीचे, फळ्यावर मोत्यासारखं अक्षर, शिकवण्यात विभागात तोड नाही. एखादी सिद्धता ते अशी उलगडायचे की आपल्यालाच ती सुचली असं वाटायचं. त्यांनी मला घेतलं हे उपकार ते कधी विसरले नाहीत आणि मलाही विसरू दिले नाहीत.

माझ्या प्रबंधाचा तिसरा अध्याय सरांच्या एका छापील लेखावर उभा होता. त्या लेखात एक छोटंसं उपप्रमेय होतं. बेरीज एका उत्तराकडे जात असेल, तर वाटेतल्या सगळ्या अर्धवट बेरजा एका मर्यादेच्या आत राहतात, म्हणजे त्या परिबद्ध असतात. एका रांगेसाठी हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. सरांनी ते दोन दिशांच्या बेरजेसाठी एका ओळीत लिहून टाकलं होतं. सिद्धताही दिली नव्हती, द्यायची काय गरज, इतकं ते उघड वाटतं. मलाही दोन वर्षं उघडच वाटलं.

ते उघड नाही हे मला मे महिन्यात गच्चीवर कळलं. आई बाजेवर जुनं लुगडं पसरून मुगाच्या वड्या घालत होती. शेजारच्या भाभीजी त्यांना मंगोड़ी म्हणायच्या आणि आमच्यापेक्षा बारीक घालायच्या, यावरून दोघींत दर उन्हाळ्यात थंड युद्ध चालायचं. मी कडेला सावलीत बसून आईच्या बोटांकडे बघत होते. एक रांग, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी.

“काय पाहून राहिली अशी? हात लाव ना जरा,” आई म्हणाली.

“आई, या वड्या मोजायच्या तर तू कशी मोजशील? रांगेने, की चौकोन करून?”

“मी कायले मोजू? वाळल्या का पदरात झाडते. कशाही उचल्ल्या तरी तेवढ्याच राह्यतात.”

“तुझ्या वड्या संपतात म्हणून तेवढ्याच राहतात. मतलब, संपल्याच नाहीत तर?”

“तुझे बाबा हायेत ना. संपतातच.”

मी हसले आणि मनातल्या मनात वड्यांच्या जागी आकडे ठेवायला लागले. पहिल्या रांगेत एक, दोन, तीन, चार, असे वाढत जाणारे. दुसऱ्या रांगेत, बरोबर त्यांच्या खाली, उणे एक, उणे दोन, उणे तीन, उणे चार. बाकी सगळ्या रांगांत शून्य. आता डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून कितीही मोठा आयत घ्या. त्यात निदान दोन रांगा आल्या की वरचं खालच्याने कापलं जातं आणि बेरीज शून्य. दोन दिशांत आयत लांबीला आणि रुंदीला दोन्हीकडे वाढला पाहिजे असाच नियम असतो, म्हणून या बेरजेचं उत्तर निःसंशय शून्य. पण फक्त पहिल्या रांगेपुरता आयत घेतला तर? एक, तीन, सहा, दहा आणि पुढे वाढतच जातं, त्याला कुठलीच मर्यादा नाही.

बेरीज शून्याकडे जाते आणि तरी अर्धवट बेरजा परिबद्ध नाहीत. सरांचं उपप्रमेय खोटं होतं.

इतकं सोपं उदाहरण, आठवीतल्या मुलीला समजेल असं. ते कुणालाच दिसलं नव्हतं, कारण आम्ही सगळे आयुष्यभर एका रांगेत मोजायला शिकलो होतो आणि ती सवय तशीच उचलून दोन दिशांत नेली होती. माझा तिसरा अध्याय त्या ओळीवर उभा होता आणि ती ओळ आता नव्हती.

दुसऱ्या दिवशी सायकल काढून सरांच्या घरी गेले. त्यांनी नुकतंच विद्याधर नगरात घर बांधलं होतं. तेव्हा तिथे रस्ते आखून झाले होते, सेक्टरांच्या पाट्या लागल्या होत्या आणि घरं फारशी नव्हती. रिकाम्या चौकोनांतून सायकल हाकताना वाटत होतं, सर खूश होतील. चूक सापडणं ही गणितात चांगली बातमी असते, असं त्यांनीच शिकवलं होतं.

सरांनी माझे दोन रांगांचे आकडे बराच वेळ पाहिले. मॅडमनी आणलेली लस्सी त्यांनी माझ्या पुढे सरकवली आणि म्हणाले, “ऐसी सीरीज़ कोई लिखता है क्या?”

“मी लिहिली, सर.”

“लेख छप चुका है,” ते म्हणाले. मग आवाज मऊ करून, बेटी म्हणून, समजावलं. प्रबंध पूर्ण होऊ दे, डिग्री होऊ दे, या बारीकसारीक गोष्टी नंतर बघू. तोवर कुणापाशी बोलायचं नाही. मी लस्सी संपवली आणि परत आले. येताना रस्ता चढाचा वाटला, आणि विद्याधर नगरात चढ नाही.

मी कुणापाशी बोलले नाही. पण तिसरा अध्यायही पुढे लिहिला नाही. जे खोटं आहे हे मला ठाऊक आहे, त्याच्यावर माझ्या हाताने अजून एक मजला कसा चढवू?

पावसाळ्यात विभागाची गोठ निघायची. गोठ म्हणजे जयपुरी सहल, तिच्यात फिरणं कमी आणि खाणं जास्त. त्या वर्षी आम्ही कानोत्याच्या धरणावर गेलो. दक्षिणेतल्या एका विद्यापीठातले ज्येष्ठ प्राध्यापक व्याख्यानाला आले होते, त्यांनाही बरोबर नेलं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बाट्या भाजत होत्या, डाळ उकळत होती आणि पाहुणे चप्पल काढून पाण्याच्या कडेला ओल्या वाळूत उभे होते. त्यांनी मला सहज विचारलं, तुझं काय चाललंय. मी एकमेवतेचं सांगितलं.

“आणि परिबद्धता कुठून आणतेस?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. सर शेजारीच होते. माझ्या आधी तेच म्हणाले की त्यासाठी आमचं एक उपप्रमेय आहे.

मला गप्प बसता आलं असतं. गोष्ट दोन मिनिटांत डाळ-बाटीवर गेली असती. मी आजूबाजूला बघितलं, एक काटकी सापडली. ओल्या वाळूत मी एक, दोन, तीन, चार लिहिले आणि खाली उणे एक, उणे दोन, उणे तीन, उणे चार. काटकीनेच भोवती आयत काढला. मग पहिल्या रांगेभोवती वेगळा, लांबट आयत काढला आणि म्हणाले, “सर, ते उपप्रमेय चालत नाही.”

पाहुणे गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. बघत राहिले, मग मोठ्याने हसले. कुणाला हसले नाहीत. एखादी नामी युक्ती बघितल्यावर माणूस हसतो तसे हसले. “हे मी वर्गात सांगीन,” म्हणाले.

सर म्हणाले, “चलिए, बाटी ठंडी हो रही है.”

त्यानंतर सर माझ्याशी बोलेनासे झाले. विभागात समोरून गेले तरी नजर माझ्या डोक्यावरून जायची. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, हे नाकारत नाही. पण वाळूत लिहिलं त्याचा पश्चात्ताप मला तेव्हाही झाला नाही आणि आजही नाही.

आता प्रश्न उरला होता की परिबद्धता नसताना शून्य सिद्ध करायचं कसं. सरांशी अबोला असल्यामुळे मला भरपूर वेळ होता. उत्तर मिळालं ते अगदी साधं होतं. माझ्या लहरी वळणदार नव्हत्या, पायऱ्यांसारख्या होत्या, एक नाहीतर उणे एक, आणि त्यांची एक खोड आहे. एक चौरस घ्या आणि त्याचे चार सारखे तुकडे करा. मोठ्या चौरसावरची बेरीज म्हणजे चार तुकड्यांवरच्या बेरजांची सरासरी असते. आता चिन्ह विसरून फक्त आकार बघा. चारही जण सरासरीपेक्षा लहान असूच शकत नाहीत, निदान एक तरी तेवढा किंवा त्याहून मोठा असतो. तो तुकडा धरा. त्याचे पुन्हा चार करा. पुन्हा एक सापडेल. असं कापत जा. तुकडा लहान लहान होत एका बिंदूवर येतो, पण त्याच्यावरची बेरीज लहान होत नाही. म्हणजे सुरुवातीला कुठेही, कणभरही, शून्य नसलेलं काही होतं, तर शेवटी असा एक बिंदू सापडणारच जिथे बेरीज शून्याकडे जात नाही. आपण तर ती सगळीकडे शून्याकडे जाते असं धरलं होतं. तेव्हा सुरुवातीलाही शून्यच होतं. झालं.

एक अडचण होती. तुकडे करताना कापाच्या रेषेवरचा बिंदू कुठल्या तुकड्याचा? तिथे मी बरीच अडकले आणि शेवटी अशा प्रत्येक बिंदूला दोन मानलं, एक इकडचा, एक तिकडचा, आणि दोघांचा हिशेब वेगळा ठेवला. सगळ्या सिद्धतेत परिबद्ध हा शब्द एकदाही आला नाही. लिहून झाल्यावर मी गच्चीवर जाऊन एकटीच येरझाऱ्या घातल्या. मला फार आनंद झाला होता.

त्याच सुमारास बाबांच्या बदलीचा हुकूम आला. नागपूर. ज्याच्यासाठी ते वर्षानुवर्षं अर्ज करत होते ती बदली. ते गेले की क्वार्टर जाणार होतं आणि त्यांना मला बरोबर न्यायचं होतं, डिग्रीसकट. प्रबंध सरांच्या सहीशिवाय पुढे जाणार नव्हता.

सरांनी स्वतः बोलावलं. टेबलावर माझा तिसरा अध्याय होता, नवी सिद्धता सगळी वाचलेली. “अच्छा है,” म्हणाले. मग पेन्सिलीने माझ्या प्रमेयात एका जागी खूण केली. तिथे दोन शब्द घालायचे: परिबद्ध असल्यास. एवढंच. मग त्यांचा लेखही राहील, कारण वाचणारा समजेल की त्यातही तीच अट गृहीत होती. माझा अध्यायही राहील. प्रमेय तर खरंच राहतं. सही याच आठवड्यात.

“पण अट लागत नाही, सर.”

“लगाने से गलत तो नहीं होता.”

हे खरं होतं. छत्री घेऊनच बाहेर पडावं असा नियम केला तर उन्हातही कुणाचं काही बिघडत नाही. पण तो नियम वाचणाऱ्याला वाटतं की बाहेर पाऊस आहे. त्या दोन शब्दांनी जगाला सांगितलं असतं की त्यांच्याशिवाय जमत नाही. माझ्याकडे त्यांच्याशिवाय जमलेलं होतं.

सर हसले आणि प्रेमानेच म्हणाले, “आप लोगों को इतनी ज़िद की क्या ज़रूरत है? आपका तो वैसे भी हो जाता है.”

आप लोग. मी इतकी वर्षं ज्या माणसाच्या फळ्यासमोर बसले, त्याच्या हिशेबात मी अजूनही एक माणूस नव्हते, लोग होते. माझं वैसे भी होणार होतं. डोक्यात तिडीक गेली. मी अध्याय उचलला, पिशवीत ठेवला आणि म्हणाले, “वैसे भी नहीं चाहिए, सर.” दार हळूच लावलं. ते जोरात लावायची फार इच्छा होती.

घरी सांगितलं तर बाबा भडकले. “दोन शब्दांसाठी अडून राहिली? सही घे ना बापा. आपल्या माणसाले इथपर्यंत पोचाले किती वर्षं लागले, हे तुले सांगाव लागते काय?”

त्यांचंही चुकत नव्हतं. आई सामान बांधत होती, वड्यांचा डबा कपड्यांच्या ट्रंकेत बसतो का बघत होती. तिने विचारलं, “ते शब्द खोटे हायेत काय?”

“खोटे नाहीत. गरजेचे नाहीत.”

“मंग कायले घालतं?”

“सही पाहिजे म्हणून,” बाबा म्हणाले.

“सही त्यायची. अध्याय हिचा,” आई म्हणाली आणि डबा ट्रंकेत कोंबला. बाबा त्यानंतर त्या विषयावर बोलले नाहीत. जाताना स्टेशनवर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि गाडी हलल्यावर मात्र खिडकीतून बराच वेळ हात हलवत राहिले.

मी मुलींच्या वसतिगृहात राहिले. अध्याय नीट टंकून सरांकडे पाठवायचे, तो परत यायचा, पेन्सिलीची खूण त्याच जागी. मी खूण खोडायचे, पुन्हा पाठवायचे. विभागात सगळ्यांना कळलं होतं. काही जण मला बघून बोलणं थांबवायचे, एकदोघी जिन्यात हात दाबून जायच्या. हिवाळा गेला, वाळूची वादळं आली. शेवटी कुठल्याशा परिषदेत दक्षिणेच्या त्या पाहुण्यांनी सरांना चारचौघांत विचारलं की वाळूवर लिहिणाऱ्या मुलीचा प्रबंध कुठवर आला. परत आल्यावर सरांनी सही केली. वाचलं नाही, बोलले नाहीत. त्या वेळी पानावर पेन्सिलीची खूण नव्हती.

तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून तेच पाहुणे आले. खोलीत विभागातले सगळे होते, सर पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. मी चौरस काढला, चार तुकडे केले, पुन्हा चार केले. रेषेवरचे बिंदू दोनदा मोजून दाखवले. बोलून झाल्यावर पाहुण्यांनी तोच जुना प्रश्न विचारला, या वेळी डोळे बारीक करून. परिबद्धता कुठे वापरलीस?

“कुठेच नाही.”

“लागत नाही?”

“लागत नाही.”

त्यांनी मान डोलावली आणि सरांकडे वळून सौजन्याने म्हणाले, ही पद्धत सुंदर आहे, तुमचं अभिनंदन. सर उठले. बोटांवरचा खडू झटकावा तसे दोन्ही हात झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “इसमें मेरा कुछ नहीं है.”

ते मला दूर लोटायला म्हणाले होते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं. पण मार्गदर्शकाने भरल्या सभेत स्वतःच्या तोंडाने दिलेलं याहून मोठं प्रमाणपत्र मी तरी पाहिलेलं नाही. मी फळ्यापासून दोन पावलं पुढे आले.

“जी, सर,” मी म्हणाले. “मेरा है.”